बापाच्या नावाने

आमच्या घरात सगळ्यात वरच्या फळीवर एक पुस्तक असे आणि देवाची तसबीर त्याच्या खालच्या फळीवर. संस्कारविधीचं पुस्तक. बाप्तिस्मा, लग्न, आजाऱ्याला तेल लावणं, मयत, आणि मागच्या भागात नाना तऱ्हेचे आशीर्वाद: घराचा, विहिरीचा, शेताचा, बियाण्याचा, होडीचा, जाळ्याचा. खरं तर ते पाद्र्यांनी वापरायचं पुस्तक, कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरी त्याचं काही काम नाही. पण लॅटिन मागे पडून मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लोकांच्या भाषेत आली, तेव्हा पप्पांची समजूत झाली की देवाने खास वसईकरांसाठी मराठी शिकून घेतली आहे. फादर झालेल्या एका मामेभावाच्या मागे लागून त्यांनी एक प्रत मिळवली आणि ती मद्रासला आणली. तिथल्या अख्ख्या मुलखात ती वाचू शकेल असा एकही पाद्री नव्हता. पप्पांना त्याचं काही वाटलं नाही. वाचायला ते स्वतः होते.

आम्ही मद्रासजवळ आवडीला, लष्करी कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. सकाळी कारखान्याचा भोंगा, मग चर्चच्या कर्ण्यावरची तमिळ गाणी, मग दूधवाल्याच्या सायकलची घंटी, या तिघांनी आमचा दिवस उघडायचा. पप्पा मद्रासला आले तेव्हा मी जन्मले नव्हते, आणि ज्या काळाबद्दल मी लिहिते आहे तेव्हा मी दहावीत होते, एवढ्या वर्षांत त्यांना तमिळ फक्त मान डोलवण्यापुरतं येत होतं. "आमा, आमा," म्हणजे होय होय. भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ते "आमा" म्हणत आणि नको ती भाजी घेऊन घरी येत. शिकले का नाही, असं विचारलं तर म्हणत, "मी इथं पाहुणा आहे." पाहुणा रिटायर होईपर्यंत राहिला, आणि पुढे याच मातीत पुरला गेला.

स्कूटर घेतली तेव्हाची गोष्ट सांगते, म्हणजे माणूस कळेल. पुस्तकात स्कूटरचा आशीर्वाद नव्हता. गाडी हा प्रकार लिहिणाऱ्यांना सुचला असावा, पण पप्पांच्या प्रतीत नेमकी ती पानं गळालेली होती. मग त्यांनी होडीचा आशीर्वाद काढला. सगळ्या क्वार्टर्ससमोर, टॉवेल खांद्यावर टाकून, खड्या आवाजात त्यांनी त्या बिचाऱ्या स्कूटरला वादळापासून, खडकांपासून आणि खवळलेल्या लाटांपासून राखण्याची विनंती केली. आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मला ती भक्ती वाटली, पण ती हसत होती हे मला फिलूने नंतर सांगितलं. त्या वर्षी आवडीच्या रस्त्यांवर कमरेएवढं पाणी तुंबलं आणि स्कूटर वाहत जाऊन शाळेच्या कुंपणाला अडकली. पप्पा म्हणाले, बघा, बुडाली नाही. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

फिलू म्हणजे माझी थोरली बहीण फिलोमिना. ती नुंगंबाक्कमला एका ऑफिसात टायपिस्ट होती आणि तिथल्याच एका कारकुनाशी तिचं जमलं. कारकुनाचं नाव विजयराव. तंजावरकडचे मराठी, हिंदू, पूर्ण शाकाहारी. मद्रासच्या इतक्या माणसांत आमच्या फिलूला मराठी बोलणारा मिळाला, म्हणून पप्पांनी आधी छाती फुगवली, मग त्याची मराठी ऐकली आणि कपाळाला हात लावला. केलें, गेलें, अहे, आणि मधेमधे "सेरी", म्हणजे तमिळमधलं बरं. हा पोथी वाचतो की बोलतो, असं पप्पा विचारत. तिकडे विजयरावांची आई अंबुजाबाई लोकांना सांगत होत्या की सुनेच्या बापाची मराठी मासे धुतलेल्या पाण्यासारखी आहे. राजांबरोबर तंजावरला आलेल्या घराण्यातली ही बाई. सांबार आमच्याच राजवाड्यात पहिल्यांदा शिजलं, ही त्यांची ओळख करून देण्याची पद्धत होती. सांबाराचा वारसा सांगणारी अंबुजाबाई आणि होडीच्या मंत्राने स्कूटर तारणारे पप्पा, ही दोन माणसं एकमेकांना शोभत होती, फक्त ते दोघांनाही मान्य नव्हतं.

लग्न झालं. चर्चमध्ये झालं, नवरा हिंदू म्हणून चर्चची खास परवानगी काढून झालं, आणि त्या परवानगीपायी विजयरावांनी पोरांचा बाप्तिस्मा होऊ देईन असा शब्द दिला. विजयराव हा हो म्हणायला जन्मलेला माणूस होता. त्यांनी चर्चला हो म्हटलं आणि आईला ते सांगितलंच नाही. फिलू पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, मुलगा झाला, आणि मग ती गोष्ट अंबुजाबाईंच्या कानावर गेली. त्या बाळाला बघायलाही आल्या नाहीत. एक महिना गेला, दुसरा गेला, न्यायला कोणी येईना. विजयराव दर रविवारी यायचे, पोराकडे बघत बसायचे, आमच्या आईच्या हातचं जेवायचे आणि एकटेच परत जायचे. फिलूला नवऱ्याच्या घरी जायचं होतं, याहून सोपी गोष्ट नव्हती. ती रात्रंदिवस पोराला थोपटत असायची आणि तिचं वजन उतरत चाललं होतं. आई मेथीचे लाडू करायची, हळिवाची खीर करायची, ताट तसंच परत यायचं. पप्पा म्हणायचे, "राहू दे ना इथं, काय कमी आहे तिला?" त्या रात्री आईच्या आमटीत मीठ जास्त पडायचं.

शेवटी आईच नुंगंबाक्कमला अंबुजाबाईंच्या घरी गेली. एकटी, लोकलगाडी बदलून, पप्पांना न सांगता. दोघी बायकांचं तिथं काय बोलणं झालं ते आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. अंबुजाबाईंनी पाण्याला हरकत घेतली नाही. पाण्याने काय होतं, पोराला रोजच आंघोळ घालतात, असं त्या म्हणाल्या. पण त्याच्या डोक्यावर जे बोलतील ते घरच्या भाषेत पाहिजे. तमिळ बाजारासाठी, इंग्रजी ऑफिससाठी. नातवाला नाव मिळेल ते मराठीत. तेवढं झालं तर त्या स्वतः येतील, आणि तिथूनच सुनेला आणि नातवाला घरी नेतील. आईने ही अट आणली तेव्हा पप्पा नाराज होतील असं आम्हाला वाटलं होतं. ते उठले आणि वरच्या फळीवरचं पुस्तक काढून त्याच्यावरची धूळ शर्टाने पुसायला लागले. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी ते पुस्तक सांभाळलं होतं, तो त्यांना अंबुजाबाईंनी आणून दिला होता.

आता आमचे फादर अरुळ. रोमला शिकून आलेले. ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. उन्हाळा असला की रोमचा उन्हाळा, पाव असला की रोमचा पाव. मराठीत बाप्तिस्मा देण्याची कल्पना त्यांना आवडली, कारण त्या धर्मप्रांतात असं कोणी केलेलं नव्हतं. पण त्यांना देवनागरी येत नव्हती. त्यांनी तोडगा काढला की सगळी प्रार्थना तमिळ अक्षरांत लिहून द्यावी, ते वाचतील. मग चर्चच्या उपदेसियारांना, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींना, आमच्या घरी बोलावण्यात आलं. पप्पा पुस्तक उघडून एकेक शब्द सांगायचे आणि उपदेसियार कागदावर उतरवायचे. तमिळ ज्याला येत नाही त्याला म्हणून सांगते: त्या लिपीत 'प' आणि 'ब' यांना अक्षर एकच. 'त' आणि 'द' यांना एकच, 'क' आणि 'ग' यांना एकच. कोणता उच्चार करायचा हे तमिळ माणसाला जागेवरून कळतं, पण मराठी शब्द त्याने आधी ऐकलेला नसेल तर कसं कळणार? 'बाप' हा शब्द आला तेव्हा उपदेसियारांनी पेन थांबवलं. "पा?" त्यांनी विचारलं. "बा!" पप्पा म्हणाले. "ओण्णुदान," उपदेसियार म्हणाले, म्हणजे दोन्ही एकच. पप्पांनी मान डोलवली. "आमा, आमा." पुढे 'पाप' आलं, तेही तसंच लिहिलं गेलं. मधला 'प' ठासून उच्चारला जावा म्हणून उपदेसियारांनी तो जोडून लिहिला, दोन्ही ठिकाणी. काम त्यांनी चोख केलं. लिहिलेलं तपासायचं होतं पप्पांनी, आणि त्यांना ते अक्षर वाचता येत नव्हतं.

एकदा वाचून बघू या, असं आईने सुचवलं. फादर अरुळ हसले आणि म्हणाले की ज्याने रोममध्ये लॅटिन वाचलं त्याला सराव कसला करायचा. हा एक रोग आहे आणि तो अजून गेलेला नाही. मागच्या वर्षी शोळिंगनल्लूरला आमच्या बिल्डिंगच्या खालच्या मजल्यावर सॉफ्टवेअरचं नवं ऑफिस उघडलं, तिथं एक तरुण फादर आशीर्वाद द्यायला आले. हातात पुस्तक नव्हतं, टॅबलेट होता. अर्ध्या प्रार्थनेत पडदा काळा पडला. ते बोट आपटत राहिले, देव तिष्ठत राहिला आणि कंपनीचे साहेब घड्याळाकडे बघत राहिले. शेवटी कोणीतरी चार्जर आणला. पाठ करून ठेवायचं कोणाच्याच डोक्यात येत नाही. डोकं त्यासाठी असतं हे ते विसरलेत.

बाप्तिस्म्याच्या दिवशी आईने पहाटेपासून घरात मासळीचं नाव काढू दिलं नाही. नवं पातेलं आणलं होतं, नवी कढई आणली होती. उडदाचं भाजलेलं पीठ ताकात कालवून अंबुजाबाईंच्या घरची डांगर पच्चडी तिने करून बघितली. फिलू चव घ्यायला बसली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. फिलूची पेटी बांधून दारात ठेवली होती. पोराचे लंगोट, दुपटी, गुटीची बाटली सगळं वेगळ्या पिशवीत. आईने डबाही भरून ठेवला. पप्पांनी विचारलं, एवढी घाई कशाला, संध्याकाळी जातील की. आई म्हणाली, डबा आहे, असू दे.

आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो, त्यामुळे अंबुजाबाईंना आमंत्रण "देवळात या" असंच गेलं होतं, आणि त्या तशाच तयारीने आल्या. नऊवारी, नाकात हिऱ्याची चमकी, हातात फुलांची परडी. चपला बाहेर काढल्या. आम्ही सगळे बूटचपलांसह आत उभे होतो हे बघून त्यांनी नाक मुरडलं आणि पहिल्या बाकावर ताठ बसल्या. मी धर्ममाता होते, म्हणजे पोर माझ्या हातात. पांढऱ्या झबल्यात तो झोपला होता. फादर अरुळांनी कागद उघडले आणि वाचायला सुरुवात केली. आवाज चांगला होता त्यांचा, ते मी नाकारत नाही. 'देवा'चं 'तेवा' झालं, ते आम्ही सोडून दिलं. मग बाप्तिस्म्याआधी सैतानाला आणि पापाला झिडकारायचे प्रश्न असतात ते आले. पाप शब्द त्यांनी अचूक उच्चारला, किंबहुना जास्तच जोर देऊन. "पाप्पाचा तिक्कार करता का?" आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, होय, करतो. अंबुजाबाईंनीही मान हलवली. पापाचा धिक्कार करायला हिंदू असलं तरी काय बिघडतं?

मग मी पोराला पाण्यावर धरलं. फादरांनी शिंपलं भरून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मायकल आनंद, मी तुला पाप्तिस्मा तेतो, पाप्पाच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." पोर दचकून उठलं आणि रडायला लागलं. मागे उभे असलेले उपदेसियार कौतुकाने हसले, कारण तमिळमध्ये पाप्पा म्हणजे तान्हं बाळ, आणि त्यांना वाटलं किती गोड प्रार्थना आहे, बाळाच्या नावाने बाळाला न्हाऊ घालतात. अंबुजाबाई ताडकन सरळ झाल्या. त्यांच्या कानांनी तोच शब्द ऐकला होता, आत्ताच सगळ्यांनी मिळून झिडकारलेला. आणि मला, खरं सांगते, काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. आम्ही वडिलांना पप्पा म्हणायचो. हा सगळा सोहळा पप्पांच्याच नावाने चालला होता, फादर तसं उघड म्हणाले इतकंच.

पप्पांना ते पचायला तेल लावून मेणबत्ती पेटेपर्यंतचा वेळ लागला. मग ते पुढे आले आणि म्हणाले, परत करा. फादर म्हणाले, परत करता येत नाही, बाप्तिस्मा हा शिक्का आहे, एकदाच बसतो. पप्पा म्हणाले, पण शिक्का पापाचा बसला. फादर म्हणाले, माझ्या मनात पिताच होता. पप्पा म्हणाले, मनात असून काय उपयोग, तोंडात काय होतं? त्यांनी पुस्तक उघडलं आणि शंका असेल तेव्हा वापरायचं वाक्य काढून दाखवलं: तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर मी तुला बाप्तिस्मा देतो. फादर म्हणाले, मला शंका नाही. मग त्यांनी रोममध्ये शिकलेला एक दाखला दिला. शेकडो वर्षांपूर्वी एका अडाणी पाद्र्याने लॅटिनची विभक्ती चुकवून पोरांना बाप्तिस्मा दिला होता आणि पोपसाहेबांनी तो खरा मानला. "म्हणजे तुम्ही अडाणी आहात हे कबूल?" पप्पांनी विचारलं. फादरांचा चेहरा लाल झाला. दोघांनी पुस्तकाची एकेक बाजू धरली होती आणि दोघेही बोट ठेवून आपलं आपलं वाचत होते, एक मराठीत, एक आठवणीतल्या लॅटिनमध्ये. विजयराव दोघांनाही हो म्हणत होते.

फिलूकडे मी बघितलं. ती बाकाला धरून उभी होती आणि सासूकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मी पुन्हा कधी बघू नये असं काहीतरी होतं. सगळं संपलं, असंच तिने धरलं होतं. मीही तसंच धरलं. अट होती शब्दांची, आणि शब्दच नासले होते. पोर माझ्या हातात ओरडत होतं, केसांतून पाणी माझ्या कोपरावर ओघळत होतं, आणि देवळातल्या दोन शहाण्या पुरुषांपैकी एकालाही ते ऐकू येत नव्हतं. अंबुजाबाई उठल्या. सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मी पोराला छातीशी आणखी आवळलं, ते मला आठवतं.

"पापाचें असूं दे, बापाचें असूं दे," त्या म्हणाल्या. "तें त्यांना ठरवूं दे. लेंकराचें डोकें ओलें अहे. दे इकडे."

मी पप्पांकडे बघितलं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. तोवर त्या घरात मी पप्पांना विचारल्याशिवाय केसांची रिबीनही बदलली नव्हती. मी पोर अंबुजाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी नऊवारीच्या पदराने त्याचं डोकं खसखसून पुसलं, तेलासकट, आणि छातीशी धरून फिलूला म्हणाल्या, "चल मा, घरीं जाऊं." फिलू निघाली. आई बाहेर रिक्षाजवळ उभी होती. पेटी आधीच आत होती, डबाही. विजयराव शेवटी चढले, आणि त्यांनी एकदाही मागे वळून परवानगी मागितली नाही.

आता तो मायकल आनंद पन्नाशीच्या घरात आहे. इतकी वर्षं कंपनीच्या बसने श्रीपेरुंबुदूरला कामाला जातो आणि बसमध्ये झोपतो. आपण कोणाच्या नावाने भिजलो याची त्याला काडीचीही फिकीर नाही. चर्चच्या दप्तरात त्याचा बाप्तिस्मा विधिवत झाल्याची नोंद आहे, कारण नोंद फादर अरुळांनीच केली. आजीला तो शेवटपर्यंत आपलाच वाटला, आणि अंबुजाबाईंनी त्या शब्दाचा विषय पुन्हा एकदाही काढला नाही. आमच्या घरी मात्र तो विषय पप्पा जाईपर्यंत जेवताना निघत असे.

रिक्षा गेली तरी आतलं भांडण चालूच होतं. पुढे फादर जिंकले, निदान त्यांचा आवाज वरचढ झाला. घाम पुसून त्यांनी कागदाचं शेवटचं पान काढलं, आणि उरलेला विधी, म्हणजे बाळाच्या आईला द्यायचा आशीर्वाद, वाचायला घेतला. आता मातेने मुलासह समोर यावं, असं त्यांनी रिकाम्या बाकांना सुंदर उच्चारांत सांगितलं. या वाक्यात एकही अक्षर चुकलं नाही. त्यांनी थोडं थांबून पुन्हा सांगितलं. मग पप्पांनी मान वर करून इकडेतिकडे बघितलं.

"फिलू कुठं आहे?"

आई दारात उभी होती. "नांदायला गेली," ती म्हणाली. "तुमचं झालं का वाचून?"